एकसष्ट किलोंचं पोतं

रविवार, ३ मार्च

लेकीने आज फोनवर साफ सांगितलं, "आई, हे सगळं तू एका वहीत लिहीत जा. रोज मला ऐकवू नकोस." म्हणून हा उद्योग. वही नवीन नाही, माझी मापांचीच आहे, फक्त उलटी धरून मागच्या कोऱ्या पानांपासून सुरू केलीय. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या-कंबरा, मागून माझा जळफळाट.

विषय आमच्या ह्यांच्या गाडीचा. दोन सीटांची, बिनटपाची, लांब नाकाची, आमच्या लग्नाच्याही आधीची. बावीस वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याच्या आवारात ह्यांना ती दिसली, तेव्हा तिच्या आतून गवत उगवलं होतं. तेव्हापासून मी सवतीबरोबर नांदतेय. अर्थात एकेकाळी आमचं सवती-सवतींचं बरं जमायचं, हेही कबूल केलं पाहिजे. दर मे महिन्यात जुन्या गाड्यांचा घाटदौरा निघतो. प्रत्येक गाडीत दोन माणसं, एकाने चालवायचं, दुसऱ्याने रस्त्याचा कागद वाचायचा आणि ठरवून दिलेली वेळ धरायची. अकरा वर्षं बाजूच्या सीटवर मी होते. एकदाही वळण चुकवलं नाही.

पाच वर्षांपूर्वी परतताना कंबरेत असं काही भरलं की थेट ऑपरेशन. तेव्हा मी चिडून काहीतरी बोलले होते, त्या गाडीचं नाव काढू नका परत माझ्यापुढे, असलं काहीतरी. दुखत असलं की माणूस काय वाटेल ते बोलतं. पण ह्यांनी खरंच नाव काढलं नाही. पाच वर्षं दौऱ्यालाही गेले नाहीत. आणि आता ह्या वर्षी फॉर्म आणलाय. चालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव ठसठशीत, खालचा रकाना कोरा. टेबलावर पडलाय चार दिवस. मला विचारलं नाही.

मला ती सीट परत हवी आहे. लिहून टाकलं एकदाचं. हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही.

आज चहा पिताना हे म्हणाले, गाडीच्या स्प्रिंगा बदलतो. मी उडालेच. वीस वर्षं हाच माणूस येईल त्याला सांगत होता की स्पोर्ट्स कार म्हणजे कडकच हवी, चाकाखाली नाणं आलं तर छापा की काटा ते बसल्या जागी कळलं पाहिजे. आता म्हणे, मऊ पाहिजे. का, तर म्हणाले, असंच.

बुधवार, ६ मार्च

हे स्प्रिंगांच्या कारखान्यात जाऊन आले. चेहरा नुसता उजळलेला. "तिथे एक बाई आहेत," म्हणाले. मग पुढचा अर्धा तास त्या बाई. त्या स्वतः स्प्रिंगा वळतात, त्यांच्या वडिलांचा कारखाना होता, आता एकट्याच बघतात, आकडेमोड तोंडपाठ. मी भेंडी चिरत होते, ती सगळी तिरकी चिरली गेली.

ज्ञान मात्र मिळालं. स्प्रिंग एक सेंटिमीटर दबायला जितके किलो लागतात तो तिचा आकडा. आमच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा अडतीसच्या आहेत, म्हणजे कडक, ह्यांनीच हौसेने टाकलेल्या. मूळच्या बावीसच्या होत्या. ह्यांना आता बावीसपेक्षाही खाली जायचंय. "सीट मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात आहे ना, मागचा धक्का सरळ बसणाऱ्याला लागतो," असं म्हणाले. म्हटलं, बसणार कोण आहे? तर पेपर उघडून बसले.

आठवडाभरात हा माणूस माझ्याशी जेवढं बोलत नाही तेवढं आज अर्ध्या तासात बोलला, आणि तेही दुसऱ्या बाईबद्दल.

रविवार, १० मार्च

आली ती. स्प्रिंगवाली.

त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असेल. पँट, बाह्या दुमडलेल्या, केस मानेपर्यंत कापलेले. आणि गळ्यात टेप! माझ्या घरात गळ्यात टेप घालून फिरते. अहो, तीस वर्षं ह्या घरात गळ्यात टेप घालायचा मान माझा आहे. ह्यांना म्हणाली "सर," आणि मला म्हणाली "काकू." ह्यांच्यापेक्षा मी पाच वर्षांनी लहान. मी काकू तर हे काका नकोत का?

गॅरेजमध्ये चार सपाट वजनकाटे चाकांखाली सरकवले आणि सीटांवर वाळूची पोती ठेवली. रिकामी गाडी तोलून उपयोग नाही म्हणे, माणसं बसल्यावर ती किती दबते ते बघायचं असतं. ह्यांनी पोत्यांवर खडूने आकडे लिहिले. चालकाच्या पोत्यावर अडुसष्ट, बाजूच्या पोत्यावर एकसष्ट.

मी चहा घेऊन गेले होते. विचारलं, हे एकसष्ट कुठून काढलंत? ह्यांचे कान लाल झाले. "असंच," म्हणाले. दुसऱ्यांदा असंच.

आता माझी नजर शिंपिणीची आहे. बाई दारातून आत आली की तिची छाती, कंबर, वजन मी मनात लिहून मोकळी होते, आणि माझा अंदाज किलोच्या वर चुकत नाही. स्प्रिंगवाली एकसष्ट आहे. ना साठ, ना बासष्ट. तिला बघताक्षणीच मी तो आकडा म्हटला होता मनात. तोच खडूने पोत्यावर.

म्हणजे तो कोरा रकाना कुणासाठी आहे ते कळलं.

मंगळवार, १२ मार्च

कपाटात माझी दवाखान्याची फाइल उलटी ठेवलेली सापडली. एक्सरे एकीकडे, कागद दुसरीकडे. ह्यांना विचारलं तर म्हणे, विम्याचा कागद शोधत होतो. विम्याचा कागद माझ्या मणक्यात कसा सापडेल? काही वस्तू काढली की जागच्या जागी ठेवायची नाही, ही ह्यांची खोड जन्मात जायची नाही.

रविवार, १७ मार्च

पुन्हा रविवार, पुन्हा ती. मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीच्या पलीकडे गॅरेज. मी मुद्दाम मशीन थांबवून थांबवून शिवत होते, म्हणजे ऐकू येतं. हे चोरून ऐकणं नव्हे. माझंच घर आहे.

त्यांचा वाद चालला होता. तिचं म्हणणं, मऊ स्प्रिंग हवी असेल तर ती लांब घ्या, कारण मऊ स्प्रिंग जास्त दबते आणि गाडी खाली बसते. ह्यांना लांब नको. गाडी बसकीच दिसली पाहिजे, मांजर दबा धरून बसल्यासारखी, हा ह्यांचा जुना हट्ट. त्यावर ती म्हणाली, वर एक रबर असतं, चाक फार वर उचललं गेलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. गाडी इतकी खाली बसवली तर त्या रबरापर्यंत जेमतेम दोन बोटं जागा उरते. पुन्हा पोती ठेवून, वाकून, बोटं घालून मोजलं दोघांनी. डोक्याला डोकं लावून. शेवटी हे म्हणाले, दोन बोटं पुरेत, सोळाच्या करा. तिने मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं.

मला आनंद झाला की पटलं नाही. मग लक्षात आलं की तिच्या जागी मी असते तर मीही लांबच घ्या म्हटलं असतं. कापड मऊ असेल तर ढिलाई जास्त ठेवावी लागते, एवढं कुणालाही कळतं. ह्यांना मी सांगितलं असतं. मला विचारलं कुठे?

जाताना ती आत आली. हात धुतले आणि मला म्हणाली, "काकू, गाडीत तुम्हाला दुखायचं ते खड्ड्यात उतरताना, की खड्ड्यातून वर येताना?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. म्हणजे माझ्या दुखण्याच्या गप्पा बाहेर गॅरेजमध्ये मारून झाल्या! मी म्हटलं, "मी गाडीत बसतच नाही." तिने ह्यांच्याकडे बघितलं. हे रुमालाने हात पुसत राहिले, पुसलेलेच हात.

गुरुवार, २१ मार्च

स्प्रिंगवाली आज एकटीच आली, हे बाहेर गेले असताना. कामाचा डगला आणला होता, खांद्याला उसवलेला आणि दोन्ही खिसे फाटलेले. म्हणाली, हा दुरुस्त होईल का? मी तो उजेडात धरला आणि म्हटलं, दुरुस्त होणार नाही, नवाच शिवावा लागेल. धंदा तो धंदा. शिवाय मापं घ्यायला मिळाली. कंबर माझ्या अंदाजापेक्षा अर्ध्या इंचाने कमी निघाली, हे आणखी एक दुःख.

मापं घेताना ती लहान मुलीसारखी हात वर करून उभी राहिली. म्हणाली, "माझ्या मापाचं कुणी काही शिवलं त्याला वीस वर्षं झाली असतील. आई शिवायची." मी म्हटलं, वळा. काम झाल्यावरही ती लगेच गेली नाही. मशीनजवळच्या स्टुलावर बसून राहिली, माझी दोऱ्यांची रिळं बघत. चहा विचारला तर दोन कप प्यायली. ह्यांची वाट बघत असणार, दुसरं काय.

शनिवार, २३ मार्च

वजनकाटे गॅरेजमध्येच ठेवलेत. हे भाजी आणायला गेले तेव्हा मी सहज एकावर उभी राहिले. शहात्तर. उतरून पुन्हा चढले. शहात्तर. चपला काढल्या, श्वास सोडला, हातातली कात्री खाली ठेवली. पंच्याहत्तर आणि वर बरंच काही.

काटा बिघडलेला असणार. दुसऱ्यावर चढून बघितलं. तोही बिघडलाय.

रविवार, ७ एप्रिल

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

सोळाच्या स्प्रिंगा बसल्या. सकाळी हे पोतं घेऊन एक चक्कर मारून आले, हसतच उतरले. स्प्रिंगवाली फाटकाशी उभी होती, माझ्या हातचा नवा डगला घालून. डगला झकास बसलाय, त्याबद्दल वाद नाही. ती म्हणाली, पोतं काढा, मी बसते, मला बसूनच कळेल. आणि हसत म्हणाली, "वजन तेवढंच आहे, फरक पडणार नाही."

मी काय म्हटलं होतं? एकसष्ट!

ह्यांनी पोतं उचलून खाली ठेवलं आणि ती त्या सीटवर बसली. माझ्या सीटवर. अकरा वर्षं मी तिथे बसले, त्या गादीला माझ्याच हातची शिवण आहे. दोघं चाळीस मिनिटं बाहेर होते. मी घड्याळाकडे बघत नव्हते, एका ब्लाउजची बाही मात्र दोनदा उलटी लावली.

परत आल्यावर हे मला म्हणाले, "अगं, काय सुंदर चालते!" डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं त्यांच्या. मी म्हटलं, हो का. आणि आत आले.

सदतीस वर्षांचा संसार आहे माझा. मी ह्यांच्यावर काडीचाही संशय घेत नाही तसला. तसलं काही नाही, मला माहीत आहे. पण तसलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. आता काय म्हणून भांडू, सीटवर बसवलंत म्हणून?

गुरुवार, ११ एप्रिल

चार दिवस घरात फक्त माझं मशीन बोलतंय. हे दोनदा माझ्यासमोर येऊन उभे राहिले, काहीतरी बोलणार असल्यासारखे. मी पाय पॅडलवरून काढला नाही.

रविवार, १४ एप्रिल

झोपून लिहितेय, अक्षर वाकडं येणार.

सकाळी हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर आले. "येतेस का? एकच चक्कर. बाजारापर्यंत." गॅरेजचं दार आधीच उघडून ठेवलेलं.

पहिला विचार आला की स्प्रिंगवालीने नकार दिला असणार म्हणून माझी आठवण झाली. दुसरा विचार आला की येऊ दे, कशी का होईना आली. मी डोक्याला रुमाल बांधला. बसताना ह्यांनी हात धरला. गल्लीच्या टोकापर्यंत मी रागावलेलीच होते, पण पुढे मोठ्या रस्त्याला लागलो आणि मी विसरले की रागावायचंय. खरंच मऊ चालत होती. वारा लागत होता. मी नकळत ह्यांना म्हटलं, पुढे डावं वळण. ह्यांनी चमकून बघितलं माझ्याकडे.

आणि मग रेल्वेचं फाटक. धाड! खालून कुणी लाकडाचा ओंडका हाणावा तसा धक्का थेट कंबरेत. लगेच दुसरा रूळ, परत धाड. मी ओरडले. हे पांढरेफटक पडले. चालत्या माणसाच्या वेगाने गाडी घरी आणली.

डॉक्टर म्हणाले, नुसती उसण आहे, तीन दिवस पडून राहा. हे बरंच म्हणायचं. पण मला रडू आलं ते कंबरेमुळे नाही. ती चाळीस मिनिटं हिंडून आली, आणि मी रेल्वेच्या फाटकावरूनच परत.

मंगळवार, १६ एप्रिल

पडल्या पडल्या ह्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं. "नाही मॅडम, तिला नाही जमायचं. माझीच चूक. त्या जुन्या कडक स्प्रिंगा परत घालून गाडी विकून टाकतो."

विकून टाकतो! माझं डोकंच चालेना. बावीस वर्षं मी ज्या सवतीला पाण्यात बघितलं ती जाणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आणि तिला नाही जमायचं म्हणजे कुणाला? ती तर चांगली टुणटुणीत बसून आली.

बुधवार, १७ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळीच स्प्रिंगवाली आली. आधी गॅरेजमध्ये जाऊन गाडीखाली झोपली, मग तशीच मळलेल्या डगल्याने आत आली आणि माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली. हे दारात उभे. तिने मला एक काळं रबर दाखवलं, वर ताजा चकाकता ओरखडा.

म्हणाली, "धक्का स्प्रिंगचा नव्हता, काकू. गाडी ह्या रबरावर बसली होती. स्प्रिंग दबायला जागाच उरली नव्हती, म्हणून रूळ सरळ तुमच्या कंबरेत आला. पण माझ्या हिशोबाने जागा उरायला हवी होती. मी बसले तेव्हा उरली होती. ते एकसष्ट बरोबर होते ना?"

मी म्हटलं, "पोत्याच्या वजनाशी माझा काय संबंध?"

ती वळून ह्यांच्याकडे बघायला लागली. हे फरशीकडे. तिकडेच बघत म्हणाले, "फायलीत होतं. ऑपरेशनच्या वेळचं."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं ते सगळं एकदमच. फाइल उलटी का होती, पोतं कोणाचं होतं, खड्ड्यात उतरताना की वर येताना, आणि अडतीसच्या सोळा कुणासाठी झाल्या. गेले दीड महिने बाजूच्या सीटवर वाळूची मी बसले होते आणि मी खिडकीतून माझ्यावरच जळत होते.

पण एक गोष्ट उरली होती. स्प्रिंगवाली वही उघडून, पेन्सिल धरून बसली होती. ह्यांच्यासमोर. तिच्या अर्ध्या इंचाने कमी असलेल्या कंबरेसमोर. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, माप खरं द्या, पोट आत ओढू नका, नाहीतर कपडा तुम्हालाच काचेल. आणि आता मीच पांघरुणाखाली पोट आत ओढून पडले होते. मनात एकदा आलं की सहासष्ट सांगावं. चालून गेलं असतं. पण मग पुन्हा रबर, पुन्हा धाड, आणि गाडी विकली जाणार.

"शहात्तर," मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, त्याबद्दल मी तिची आयुष्यभर आभारी राहीन. मग तिने पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, "आणि सर, तुमचे अडुसष्ट कधीचे?"

हे म्हणाले, बस डेपोत होतो तेव्हा मेडिकल झालं होतं. ती उठली, गॅरेजमधून काटा आणला, पलंगाशी ठेवला आणि म्हणाली, चढा. ब्याऐंशी!

मी इतकी हसले की कंबरेतून कळ आली, तरी हसतच राहिले. हेही हसले, बिचारे काट्यावर उभ्या उभ्या. दोघांचे मिळून एकोणतीस किलो आम्ही त्या गाडीपासून लपवले होते.

ती म्हणाली, आता चोवीसच्या करते, आणि थोड्या लांब. कडक असतील पण गाडी रबरावर बसणार नाही, कंबरेला त्याच बऱ्या. गाडी मात्र बसकी दिसणार नाही. ह्यांनी मान डोलावली. "नको दिसू दे," म्हणाले.

ती गेल्यावर मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? हे म्हणाले, "तू म्हणाली होतीस, त्या गाडीचं नाव काढू नका माझ्यापुढे. म्हटलं, आधी गाडी तयार करावी. मग नाव काढावं." पाच वर्षं! एवढं तंतोतंत माझं दुसरं कुठलं ऐकलं असतं तर!

शुक्रवार, २६ एप्रिल

चोवीसच्या बसल्या. गाडी आता तीन बोटं उंच दिसते. हे तिच्याकडे तिरक्या नजरेने बघतात, मुलीने केस कापून घेतल्यावर बाप बघतो तसे.

रेल्वेच्या फाटकावरून गेलो. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा फाटक मागे राहिलं होतं.

आता माझं जळणं संपायला हवं, नाही का? खरं लिहायचं तर संपलेलं नाही. कारण गेलं तरी सवय राहिलीय. फॉर्मवर माझं नाव लिहून झालं, मीच लिहिलं. तरीही हे जेवताना "मॅडम म्हणाल्या", "मॅडमना विचारतो" सुरू करतात आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. ह्यांना कळतसुद्धा नाही. आज म्हटलं, मॅडमना विचारा आमटीत मीठ बरोबर आहे का. तर भोळेपणाने म्हणाले, त्या जेवायला येणार आहेत?

रविवार, ५ मे

दौरा झाला. अंग आंबलंय पण दुखत नाही.

सकाळी निघालो तेव्हा मांडीवर रस्त्याचा कागद, हातात घड्याळ. पहिल्या तीन वळणांना माझा आवाज चिरका येत होता, मग बसला. घाटात रस्ता ठिकठिकाणी उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याआधी हे माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचे, समोर बघा. वळण कापताना गाडी आडवी कलंडत नव्हती, खड्ड्यात आपटत नव्हती, नुसती एकदा खाली बसून वर यायची. माथ्यावर पोचलो तेव्हा आमची वेळ चार सेकंदांनी चुकली होती, फक्त चार. मी ह्यांच्या पाठीवर सगळ्यांसमोर थाप मारली.

माथ्यावर तासाभराचा मुक्काम होता. स्प्रिंगवाली बसने येऊन तिथे थांबलेली. गाड्यांभोवती पुरुषमंडळींचा गराडा, वाकून वाकून आमच्या स्प्रिंगा बघत होते, आणि हे सगळ्यांना सांगत होते की ही मॅडमची करामत. ती जरा बाजूला, मी शिवलेल्या खिशांत हात घालून उभी. मी पाणी घेऊन तिच्याजवळ गेले. विचारलं, खूश का? ती म्हणाली, हो. मग म्हणाली की एवढ्या वर्षांत किती गाड्यांच्या स्प्रिंगा वळल्या, पण त्यातली एकही गाडी तिने स्वतः चालवलेली नाही. लोक बसवून घेतात, छान झाली म्हणतात, आणि जातात. अगदी साध्या आवाजात म्हणाली.

तेवढ्यात हे आले, किल्ली हातात घेऊन, नुसते फुललेले. बाजूचं दार उघडून तिला म्हणाले, "या मॅडम, बसा. घाटात कशी चालते ते दाखवतो तुम्हाला."

माझ्या आत जे भडकलं ते मी कुठल्याही शब्दात लिहू शकत नाही. जगासमोर माझ्या सीटचं दार दुसरीसाठी उघडलं होतं.

"ती सीट माझी आहे," मी म्हटलं.

बोलले ते मोठ्यानेच. सगळा गराडा वळून बघायला लागला. तिने उचललेला पाय मागे घेतला आणि तिचा चेहरा एकदम उतरला, दार तोंडावर लावून घेतल्यासारखा. ह्यांना काय चुकलं तेच समजेना, दार धरून उभे. मला स्वतःची लाज वाटली, आणि राग अजून होताच. दोन्ही एकदम. मी त्या दोघांच्या मधून पुढे गेले, माझ्या सीटवर बसले, कागद मांडीवर घेतला, आणि मग ह्यांच्यापुढे हात केला.

"किल्ली तिला द्या. ती चालवेल. तुम्ही थांबा इथे."

बावीस वर्षांत ती किल्ली ह्यांनी सख्ख्या जावयालाही दिलेली नाही. मी हात मागे घेतला नाही. शेवटी दिली, पण बोटं सोडवायला क्षणभर लागला. स्प्रिंगवालीने आधी हात डगल्याला पुसले, मग स्टिअरिंगला लावले. पहिला गिअर टाकताना खरखर झाली तसे हे कळवळून दोन पावलं पुढे आले. मी म्हटलं, काही होत नाही, चल तू.

ती छान चालवते. सुरुवातीला घाबरत होती, मग घाटात उतरताना वळण आलं की तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटायला लागली आणि मधेच हसायला लागली, एकटीच. मी पुढची वळणं सांगत होते. पहिल्या वळणाआधीच मी एकदा मान वळवून मागे बघितलं होतं. हे रस्त्याच्या मधोमध उभे होते, एका हातात माझी पाण्याची बाटली, दुसरा हात कंबरेवर, आणि नजर गाडीवरून हलत नव्हती. ते तोंड मी लगेच ओळखलं. दोन महिने रोज आरशात बघत होते.

तिने विचारलं, "काकू, आता वळवून परत जाऊ या का? सर वाट बघत असतील."

मी म्हटलं, "इतक्यात नको. अजून थोडं पुढे घे."